शिपाई काटकुळेचं बोलणं

शनिवार, १२ जुलै २०२५

बंद करा म्हणे! माझं वाचन बंद करा म्हणे!

बत्तीसावं वर्ष लागलंय ह्या वाचनाला. दर शनिवारी सकाळची शाळा सुटते, पोरं व्हरांड्यात बसतात, मी पेटीतनं फौजदार भोपळेचा एक अंक काढते, गोष्ट सांगते, पोरं पोट धरून हसतात आणि घरी जाऊन भाकरी खातात. ह्यात कुणाचं काय जातं?

जूनमध्ये शाळेत क्षमाबाई आल्यात. आज त्या खांबाला टेकून पूर्ण गोष्ट ऐकत होत्या. मला वाटलं, बाईंना आवडली. पोरं पांगल्यावर जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आजी, पुढच्या शनिवारी दुसरं काही वाचू या का?"

"का? भोपळ्यानं काय घोडं मारलं तुमचं?"

"भोपळ्याचं नाही, त्या शिपायाचं म्हणते मी. माणूस अडखळत बोलतो आणि त्यावर सगळ्यांनी हसायचं, हे मला बरं वाटत नाही."

मग मी काय ऐकतेय! "बाई, लेकरांच्या तोंडावरची माशी उठत नव्हती, तव्हा ह्याच शिपायानं हसवलंय त्यांना. पत्र्याच्या शेडात! तुमी तव्हा जल्मल्या बी नव्हत्या!"

तर म्हणतात, "आज आरोहीकडे बघितलंत का तुम्ही?"

आरोहीकडं काय बघायचं? सोमेशची लेक. पुढंच तर बसली होती. चपला हातात धरून बसली होती, एवढंच.

पुढं लिहवत नाही.

रविवार, १३ जुलै

चहात साखर दोनदा घातली. डोकं अजून तापलेलंच आहे.

नीट लिहून ठेवते. उद्या चार माणसांत बोलायची पाळी आली तर शब्दाला शब्द सापडला पाहिजे.

फौजदार भोपळे म्हणजे पोटाला पट्टा पुरत नाही असा माणूस. मिशा मोटारसायकलच्या हँडलसारख्या. त्याचा शिपाई काटकुळे, नावासारखाच, टोपी कानावर आलेली. दर अंकात एक चोर असतो आणि तो सगळ्यात आधी काटकुळेला दिसतो. तो सांगायला पळत येतो — "सा-सा-साहेब, चो-चो-चोर वि-वि-विहिरीमागं —" तवर भोपळे ओरडतो, "गप्प बस!" चोर पळतो. भोपळे त्याच्यामागं पळतो आणि पडतो. कधी शेणात, कधी हौदात, एकदा तर लग्नातल्या आमटीच्या पातेल्यात. तेवीस अंक, तेवीस वेळा पडतो. हसायचं नाही तर काय सुतक धरायचं?

ही पुस्तकं त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आली. कुठल्या कुठल्या शहरांतनं ट्रक यायचे. कपड्यांची पोती, भांडी, गोधड्या. एका पोत्यात साड्यांच्या खाली हा सुतळीनं बांधलेला गठ्ठा. मी तव्हा बालवाडीत मदतनीस होते. लेकरांची नाकं पुसता पुसता तक्त्यावरची अक्षरं शिकले होते, शाळेचं तोंड कधी बघितलं नाही. गाव अख्खं मातीत गेलं होतं. माझी धाकटी गेली. त्यावर मी लिहीत नाही.

शेडात लेकरं नुसती बसून असायची. रडत बी नव्हती. त्यांना चित्रं दाखवली तर म्हणाली, "आक्का, वाचा." मी वाचलं. आणि काटकुळे बोलायला लागला तशी एक पोरगी फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळं शेड! बाहेर चुलीपाशी बसलेल्या बाया आत डोकावून बघायला लागल्या की काय झालं.

ते हसू मी कानानं ऐकलंय. त्याला वाईट म्हणणाऱ्या तुम्ही कोण?

आता तर पुस्तकात बघावं बी लागत नाही. चित्रं पोरांकडं तोंड करून धरायची, बोलणं आपोआप तोंडातनं येतं.

सोमवार, १४ जुलै

महारुद्र भावजी आले होते. मालकांचे धाकटे भाऊ. एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी दारात आले की "पुढं सरका" म्हणतात. म्हटलं, हे तरी माझ्या बाजूनं बोलतील. कुठलं काय!

"वहिनी, खरं सांगू का? मला त्या शिपायाचं कधी हसू आलं न्हाई."

"मग शेडात दात काढून कोण हसत होतं? मी?"

"ते भोपळ्याला हसत होतो की! मोठा माणूस शेणात पडला की बरं वाटतंय. आमचा एक साहेब जत्रंत चिखलात बसला होता. अजून एखाद्या दिवशी जेवण गोड लागंना तर त्येच आठवतो. शिपाई कुठं पडतोय? त्यो तर बिचारा खरं तेच सांगतोय."

"खरं सांगतो, पण कसं सांगतो ते ऐका की!"

"कसं बोलतो ह्याला काय हसायचं, वहिनी? म्या तोंडात तंबाखू धरून तिकीट म्हणायचो, अर्ध्या गाडीला कळत नव्हतं. कुणी हसलं न्हाई. सुट्टे मागायचे फक्त."

बत्तीस वर्षं ही अक्कल गुंडाळून कुठं ठेवली होती देव जाणे! चहा दिला. बिस्किट दिलं नाही.

बुधवार, १६ जुलै

मंगळवारी शाळेच्या समितीची बैठक आहे. माझं वाचन ठेवायचं का नाही हा विषय घेतलाय. विषय! मी आता विषय झाले.

बरं झालं, सोमेश पालकांतर्फे समितीत आहे. त्याच्या गॅरेजवर गेले. सास्तूरच्या रस्त्याला टाकलंय त्यानं, मोटारसायकली दुरुस्त करतो, ट्रॅक्टरची कामं बी घेतो. हात काळे, पण माणूस सोन्यासारखा. शेडात होता तव्हा आठ वर्षांचा. आईवेगळं पोर. बाप दिवसभर मलबा उपसायला जायचा आणि हा माझ्यापाशी. बोलताना अडखळतो, पहिल्यापासूनच. मी त्याला कधी वेगळं मानलं नाही. बाजार करून आला की वाळकं नाहीतर पेरू माझ्या दारात ठेवून जातो, आत बी येत नाही, हाक बी मारत नाही.

म्हटलं, "सोम्या, मंगळवारी तू बोलायचंस. शेडातलं तुझ्याइतकं कुणाला माहीत हाय?"

तो चेन बसवत होता. खालीच बघून म्हणाला, "आक्का, आ-आरोहीला —"

"आरोहीला लई आवडतं, व्हय! तेच सांग."

चेन बसवून तो हात पुसत राहिला. त्याची बायको सोनाली आतनं पाणी घेऊन आली, तिनं बी माझ्याकडं बघितलं नाही. घरात काहीतरी वाजलं असेल दोघांत.

शुक्रवार, १८ जुलै

गुडघा. दिवसभर पडून. सोयाबीनची खुरपणी चाललीय सगळीकडं, गल्लीत कुणी नाही. कुणाशी भांडावं तर माणूस सापडत नाही!

शनिवार, १९ जुलै

वाचन झालं नाही. हेडसर म्हणाले, "आक्का, बैठकीपर्यंत थांबा." पेटी उचलून आणली होती मी, गुडघ्याला पट्टी बांधून. पेटीवरच बसले व्हरांड्यात. पोरं म्हणत होती, "आज्जी, आज काटकुळे न्हाई का?"

मग एक झालं. आरोही दप्तर घेऊन फाटकातनं निघाली तशी तिच्या वर्गातली चार-पाच पोरं ओरडली, "ए का-का-काटकुळे! चो-चो-चोर कुठाय?" हुबेहूब माझ्या आवाजात. आरोहीनं मान वळवली नाही. तिचा रस्ता पारावरनं जातो, पण ती शाळेमागच्या काट्यांतनं गेली.

मी पोरांना झापलं. कान धरले एकाचे. तर ते पोरगं म्हणतं, "आज्जी, तुमीच तर म्हणता!"

तोंड बघा! मी गोष्टीतल्या शिपायाला म्हणते, माणसाला म्हणते का?

आता खरं ते लिहायचं तर, सोमेशला शेडात काटकुळे म्हणायचे ते नाव मीच ठेवलं होतं. लाडानं ठेवलं होतं. "ये रे माझ्या काटकुळ्या" म्हटलं की तो यायचा. हसायचा बी. मोठा झाला तरी गावात निम्मी माणसं त्याला त्याच नावानं हाक मारतात. गॅरेजला बी काटकुळेचं गॅरेजच म्हणतात. तो कधी एका शब्दानं बोलला नाही. नाव टोचलं असतं तर बोलला नसता का?

मंगळवार, २२ जुलै

जळतंय माझं अंग!

बैठक झाली. हेडसर, समितीची सात माणसं, महारुद्र भावजी उगाच दाराशी. क्षमाबाई उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही एकदा बी, त्याचाच जास्त राग आला. म्हणाल्या, "माझ्या वडिलांना त्यांच्या ऑफिसात एक नाव ठेवलं होतं. सगळे प्रेमानंच म्हणायचे. वडीलही सगळ्यांबरोबर हसायचे. घरी आले की तासभर कुणाशी बोलायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, दमलेत."

मी म्हटलं, "बाई, माझ्याकडं बघा. माझं नाव दगडाबाई. माझ्या आधीची चार लेकरं जगली न्हाईत म्हणून आईनं दगड म्हणून ठेवलं, कुणाची नजर लागू नये म्हणून. लग्नात नाव घ्यायच्या वेळी अख्खा मांडव हसला. मी बी हसले. मेले का मी?"

"तुम्हाला चाललं म्हणून सगळ्यांना चालावं का, आजी?"

"सगळ्यांचं कशाला? हा बसलाय की सोमेश! त्यालाच विचारा!"

हेडसर म्हणाले, "बोला सोमेश."

तो उभा राहिला. एवढी माणसं बघून त्याचं आणखीच अडकलं. "म-म-मला — म-मला त-त-तव्हा —" सगळे खाली बघायला लागले. मला बघवेना. म्हटलं, "तव्हा लई मजा यायची, असंच ना रे? बस, बस बाबा. झालं सांगून."

बसला तो. माझ्या बाजूनं साक्ष झाली. मी सगळ्यांकडं बघितलं. तर क्षमाबाई म्हणाल्या, "आजी, त्यांचं बोलणं पूर्ण झालं नव्हतं."

"बाई, ह्याला मी भाकर कुस्करून चारलीय! ह्याच्या पोटातलं मला कळत न्हाई का?"

सोमेश उठून गेला. चहा यायच्या आधी. गाडीला किक मारल्याचा आवाज आला.

आणि मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "पुस्तकात काय वाईट लिहिलंय ते दाखवा! कुठली ओळ, कुठलं पान! तेवीसच्या तेवीस घेऊन जा आणि खुणा करून आणा. एक जरी ओळ कुणाच्या जिवाला लागणारी सापडली, तर चुलीत घालते पेटी!"

हेडसरांनी निकाल तोवर लांबवला. पेटी कधी कुणाच्या हातात दिली नव्हती. पानं पिवळी पडलीत, हात लावला की कडा तुटतात. दिली! भावजींच्या डोक्यावर देऊन बाईंच्या खोलीवर पाठवली. वाटेत दोनदा टेकवली म्हणे त्यांनी, आणि टेकवून एक अंक वाचत बसले. कंडक्टर तो कंडक्टरच, मधल्या स्टॉपला थांबणारच.

बुधवार, २३ जुलै

सोनालीचा निरोप. आरोही शनिवारी शाळेत येईल, वाचनाला येणार नाही. "ह्यांनी सांगितलंय," म्हणाली. ह्यांनी! सोम्यानं!

गुरुवार, २४ जुलै

दारात पेरू नाहीत. पेरू गेले उडत. पण दार चार वेळा उघडून बघितलं मी.

हा राग कुणावर काढू? क्षमाबाईंवर काढला, पोरांवर काढला, भावजींवर काढला. सोमेशवर निघत नाही. त्याच्यावर काढायला गेलं की तो मान खाली घालून समोर उभा राहतो आणि शब्द माझ्याच तोंडात अडकतो.

शनिवार, २६ जुलै

क्षमाबाई पेटी घेऊन घरी आल्या. दोन्ही हातांनी धरून आणली होती, तान्हं लेकरू आणावं तशी. बसल्या. पाणी दिलं.

म्हणाल्या, "आजी, मी चुकले. पुस्तकं वाचायच्या आधीच बोलले. फार चांगली आहेत हो. मी एकटी हसत होते खोलीत, शेजारच्या सिद्धम्मा बघायला आल्या. भोपळे त्याला एकदाही बोलू देत नाही आणि स्वतःच पडतो. शिपायाची चेष्टा नाहीच ह्यात. चेष्टा भोपळ्याची आहे, ऐकून न घेणाऱ्याची."

मला वाटलं, जिंकले! म्हटलं, "मग? मी काय सांगत होते?"

"पण एक कळलं नाही," त्या म्हणाल्या. "काटकुळे अडखळतो ते कुठल्या अंकात?"

"सगळ्याच अंकांत!"

"नाही आजी. एकाही नाही. हे बघा." त्यांनी विहिरीचा अंक काढून माझ्यापुढं धरला. मी बोटानं वाचलं. 'साहेब, चोर विहिरीमागं आहे.' एवढंच. सरळ ओळ. तुटक नाही, ठिपके नाहीत, काही नाही. दुसरा काढला. 'साहेब, चोरानं टोपी बदलली आहे.' तिसरा. चौथा.

"ही माझी पुस्तकं न्हाईत!" मी ओरडले. "बदलून आणली तुमी!"

बाईंनी पहिला अंक परत माझ्यापुढं सरकवला. विहिरीच्या पानावर माझ्या हळदीच्या बोटाचा डाग होता.

मी म्हटलं, "छापणाऱ्यानं चुकवलं असंल." म्हटलं, "जा तुमी आता." त्या गेल्या. पाणी तसंच राहिलं.

रविवार, २७ जुलै

तेवीस अंक वाचले. चष्मा पुसून पुसून. काटकुळे कुठंच अडखळत नाही.

सोमवार, २८ जुलै

आठवलं.

शेडात पहिल्या दिवशी लेकरं म्हणाली वाचा, आणि मला वाचता येत होतं कुठं? तक्त्यावरची सुटी अक्षरं यायची. क, ख, ग. त्यांना जोडून ओळ करायची म्हणजे माझ्या तोंडाला फेस. मी बोट ठेवून वाचलं — सा... सा... साहेब. चो... चो... चोर. वि... वि... आणि ती पोरगी फिसकन हसली. ती मला हसली. शिपायाला नाही. मग सगळे हसले ते मला हसले.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, ते बी आठवलं. लेकरांसमोर अडाणी ठरले मी. भोपळेचं सोपं होतं, 'गप्प बस', दोन शब्द, ते पाठ झाले. लांब ओळी सगळ्या काटकुळेच्या. तर मी काय केलं? मी पटकन म्हटलं, "मी न्हाई रे, हा शिपाई तसाच बोलतो! तोतरा हाय तो!" डोळे मिचकावले, हात हलवले, आणखी दोन वेळा जास्तीचं "चो-चो" केलं. लेकरं लोळली हसून. माझी सुटका झाली. पुढं वाचायला शिकले, पण तोवर गोष्टी पाठ झाल्या होत्या. मग पानात कोण बघतंय!

आणि त्या शेडात खरं अडखळणारं एकच लेकरू होतं. दुसऱ्या दिवसापासून पोरांनी त्याच्याकडं बघून हसायला सुरुवात केली. मी ते बघितलं होतं. आणि त्याला काटकुळ्या म्हणाले.

माझ्यावर आलेलं हसू मी उचललं आणि आईवेगळ्या पोराच्या अंगावर टाकलं. वर त्याला लाड म्हटलं! क्षमाबाईंना शिव्या दिल्या, भावजींचं बिस्किट तोडलं, पोरांचे कान धरले. कान कुणाचे धरायला पाहिजे होते, दगडे?

पुस्तकातला भोपळे तेवीस वेळा ओरडतो. मी किती वेळा ओरडले, "बस, झालं सांगून" म्हणून?

बुधवार, ३० जुलै

गॅरेजवर गेले. दोन गिऱ्हाइकं होती, भावजी होते, सोनाली होती. सगळ्यांदेखत सांगितलं. काटकुळे कधी अडखळला नाही, अडखळत होते ती मी. माझं तुझ्यावर ढकललं.

सोमेशनं पाना खाली ठेवला आणि बोलायला लागला. लई वेळ लागला त्याला. जीभ दाताखाली धरून मी उभी राहिले.

"म-मला ठाऊक होतं, आक्का. मी ति-ति-तिसरीत होतो तव्हा. तुमच्या मां-मांडीला टेकून पानात ब-बघायचो. मला वा-वाचता येत होतं."